टप न्हवं, छत

माझे वडील ट्रकवर क्लीनर होते. मुक्कामाच्या गावी ड्रायव्हर झोपला की बादलीभर पाण्यात ते आख्खा ट्रक पुसून काढायचे. मी बारामतीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा त्यांनी पदवीचा कागद देव्हाऱ्यापाशी ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. कुंकवाचा तो डाग अजून विद्यापीठाच्या शिक्क्यावर आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. पुढे रंगाच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी इंदापूर रस्त्याला स्वतःची शेड टाकली आणि पहिली गाडी आत घेतली, तेव्हा वडील दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आमी गाड्या धुतल्या म्हणून तुला शिकवलं. आन् तू शिकून काय करतूस? गाडीच धुतूस व्हय?"

 वडील आता थकलेत. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्यानं विचारलेलं नसताना, "बी.एस्सी. हाय त्यो" असं सांगतात. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देणं राहूनच गेलं होतं. ते इथं लिहून काढतो.

माझं काम सांगायला सोपं आहे. मी गाड्यांची छतं धुतो आणि ती गळू नयेत अशी बंदिस्त करतो. दुधाच्या बंद गाड्या, शाळेच्या बस, गावोगाव फिरणारी दवाखान्याची गाडी, आणि अलीकडे कॅरॅव्हॅन. आत पलंग, शेगडी, मोरी आणि संडास असलेली ही गाडी आमच्याकडे आधी पुण्याच्या लोकांनी आणली. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला ते तीत मुक्कामाला यायचे. मग इथल्याही काहींनी जुन्या गाड्या विकत घेतल्या. आमच्या भागात तिला सरळ घरगाडी म्हणतात.

गाडीचं छत कुणी बघत नाही. माणसं बॉनेट आरशासारखं पुसतात, लिंबू-मिरची बांधतात, दसऱ्याला झेंडूचा हार घालतात, पण छत जमिनीवरून दिसत नाही, म्हणून ते नसल्यासारखंच. मी शिडी लावून वर चढतो तेव्हा गाडी कुठं राहिली ते मला कळतं. काळी, चिकट काजळी म्हणजे साखर कारखान्याच्या धुराड्याखाली हंगाम काढलेला. पांढरे, जाड थर म्हणजे पाणथळीकाठी, बगळ्यांच्या झाडाखाली. हिरवं शेवाळ म्हणजे सावलीत कित्येक महिने न हललेली गाडी. हा मळ नुसता दिसायला वाईट असतो असं नाही. तो ओल्या फडक्यासारखा पाणी धरून ठेवतो. पाऊस थांबतो, पण मळाखालचा सांधा भिजतच राहतो. आणि गळतो तो सांधाच. छत बहुधा गळत नाही. जिथं दोन पत्रे एकमेकांना भेटतात, जिथं खिडकी कापलेली असते, जिथं कुणीतरी स्क्रू मारलेला असतो, तिथून पाणी आत येतं.

म्हणून आधी साधं पाणी, मग सौम्य साबण आणि मऊ ब्रश. पक्ष्यांची घाण खरवडायची नाही, ओलं कापड टाकून भिजू द्यायची. जोराच्या फवाऱ्याचा पाइप सांध्यावर धरायचा नाही, तो पाणी आत कोंबतो. छत वाळलं की जुनं, भेगाळलेलं सील प्लास्टिकच्या पट्टीनं काढायचं, जागा स्पिरिटनं पुसायची, नवं भरायचं. मग वरून पाणी सोडून आत बसून बघायचं. एवढं झाल्यावर ऊन परतवणारा पांढरा लेप, दोन हातांत, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा.

हे लोकांना पटवणं कामाहून अवघड. लोणी भापकरच्या एकानं संडास धुवायचं ॲसिड ओतून छत पांढरंशुभ्र केलं होतं आणि शाबासकीच्या अपेक्षेनं मला बोलावलं होतं. पत्रा चाळणीसारखा झाला होता. वडगाव निंबाळकरला एका आबांनी गळतीवर डांबर ओतलं. "धरणाला चालतंय, गाडीला न चालायला काय झालं?" मी म्हणालो, "आबा, आता ह्याच्यावर दुसरं काहीच चिकटणार नाही." ते म्हणाले, "मग चिकटवू नगंस. बघून जा नुसता, चा पी." आणखी एका घरी मी शिडी लावली तर छतभर कुरडया वाळत घातलेल्या. घरच्या आजी खालून ओरडल्या, "आरं पाय नगं देऊ! उद्या काढते, मग ये." मी दुसऱ्या दिवशी गेलो. कुरडया उत्तम वाळल्या होत्या, हे मान्य करायला हवं.

यामागे एक शब्द आहे. आमच्याकडे गाडीच्या वरच्या भागाला टप म्हणतात. टपावर पोती टाकायची, टपावर माणसं बसायची, टपावर चढून ऊस ओढायचा. टप म्हटलं की पाय आपोआप वर जातो. मीसुद्धा टपच म्हणायचो. तो शब्द माझ्या तोंडातून एका बाईंनी काढून टाकला, आणि मला मुख्यतः त्यांच्याविषयी लिहायचं आहे.

कळंबचे तात्या डाळिंबवाले. त्यांचा फोन आषाढात आला. घरगाडी आहे, छत मळलंय, येऊन बघ. मी गेलो. डाळिंबं निवडायच्या पत्र्याच्या शेडपुढं गाडी उभी होती. आधीच्या मालकानं ती उजनीकाठी एका मोठ्या बाभळीखाली ठेवलेली, त्यामुळे वर काय असणार ते मला खालूनच कळलं. ओसरीवर खाटेवर तात्यांच्या मंडळी होत्या. सगळे त्यांना काकी म्हणत. मणक्याच्या दुखण्यानं कित्येक वर्षं त्यांना उठून बसता येत नव्हतं.

मी शिडी चढून वरून ओरडलो, "तात्या, टप लई खराब आहे."

उत्तर खाटेवरून आलं. "टप म्हणू नगंस, बाबा. टपावर माणसं बसत्यात. छत म्हण. छताखाली निजत्यात."

तात्या हसले. "शाळा घेतली बघ तुझी. सातवी पास हाय ती."

"पहिल्या नंबरानं," काकी म्हणाल्या.

मग खाली चहा घेताना मला कामाचं खरं कारण कळलं. त्यांची मुलगी दापोलीकडे शाळेत शिक्षिका. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मूल झालं होतं. बाळ कमी वजनाचं, डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलेलं, आणि तिची आई तर साध्या मोटारीत बसूच शकत नव्हती. निजून जाता येईल अशी गाडी पाहिजे म्हणून तात्यांनी दोन वर्षांमागं ही घेतली होती. तेव्हा पुण्याच्या दवाखान्यात न्यायला, आता बारशाला. बारसं श्रावणात. कोकणात श्रावण म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

"डाक्टर म्हणला, पाठीला ओल लागता कामा न्हाय," तात्या हळू आवाजात म्हणाले. "मागं जखम झाली व्हती. भरता भरता वरीस गेलं. आन् ही गाडी मागल्या पावसाळ्यात गळली. बरोबर पलंगावर."

"मग नाही गेलं तर?" मी विचारलं.

तात्यांनी ओसरीकडं बघितलं. काकी आमच्याकडंच बघत होत्या. "ती रोज सूनबाईला फोन लावाया लावती. बाळ दिसतं फोनमधी. पण फोनमधल्या बाळाला हात लावता येत न्हाय, म्हणती."

आमचा इंदापूर तालुका कोरडा. आषाढातही लेप सुकायला ऊन मिळतं. हा दुष्काळी भागाचा मला झालेला एकमेव फायदा. मी कामाला लागलो. बाभळीचा डिंक, बगळ्यांची घाण, कारखान्याची काजळी, सगळं थरावर थर. सकाळी ओली गोणपाटं टाकून ठेवायची आणि दुपारपर्यंत मऊ झालेलं ब्रशनं सोडवायचं. छतावर उभं राहायचं नाही म्हणून मी फळी टाकून पोटावर निजून काम करत होतो. काकी ओसरीवरून बघायच्या.

"तू बी निजूनच काम करतूस की," त्या एकदा म्हणाल्या. "आपलं जमंल."

छत स्वच्छ झालं. जुनी सीलं काढली, छतातल्या खिडकीभोवती नवं रबर बसवलं, सगळे सांधे भरले. मग पाण्याची परीक्षा. तात्या शिडीवर पाइप घेऊन, मी आत. तेवढ्यात काकींनी सुनेला सांगितलं, मला आत निजवा.

"काकी, भिजाल."

"प्लास्टिक टाक अंगावर. हे बघ, त्या घाटात माझ्यावर गळणार हाय, तुझ्यावर न्हवं. मग बघायचं ते मी बघते. दुसरं कुठलं काम मला येतं आता? छताकडं बघायचं काम येतं."

सुनेनं आणि मी त्यांना उचलून पलंगावर ठेवलं. अंगावर डाळिंबाच्या क्रेटवर टाकायचा कागद पसरला. वर पाण्याचा आवाज सुरू झाला. मी बॅटरी घेऊन एकेक कोपरा बघत होतो. सगळं कोरडं. बराच वेळ झाला. मी तात्यांना थांबा म्हणणार, इतक्यात काकी म्हणाल्या, "त्या पट्टीच्या कडंला बघ. मघाशी असा रंग न्हवता."

मला काही दिसलं नाही. बोट लावलं. ओलं होतं. थेंबभर पण नाही, नुसता दमटपणा, उशीच्या बरोबर वर.

पाणी जिथं शिरतं तिथंच टपकतं असं नसतं. आतल्या प्लायवूडच्या अंगानं ते कुठंही वाट काढतं. मी वर जाऊन पुन्हा पोटावर निजलो आणि छत बोटांनी चाचपत सुटलो. छतातल्या खिडकीजवळ एक जागा गुळगुळीत लागली. नखानं उचकटली तर वरचा पांढरा रंग निघाला, त्याखाली पुट्टी, आणि पुट्टीखाली भोक. अशी दोन. जिथं काही बसवायचं कारणच नव्हतं, तिथं.

"तात्या, इथं स्क्रू कशाचा होता?"

तात्या शिडीवर होते. त्यांनी पाइप खाली सोडला. 

आतून काकींचा आवाज आला, "भोक हाय का तिथं? खिडकीपाशी?"

"हो."

"मग ती गुढीचीच."

मला आधी समजेना. त्यांनीच सांगितलं. आदल्या वर्षीच्या पाडव्याला त्या या गाडीतच होत्या. पुण्याहून दवाखान्यातून येताना रस्त्यात पाडवा उजाडला होता. घरी सुनेनं गुढी उभारली असणार, पण ती कळंबला, आणि काकी वाटेत. त्या म्हणाल्या होत्या, घरगाडी म्हणता ना हिला? मग हिला गुढी नको का? तात्यांनी एका बाजारगावात गाडी थांबवली, वेळू, लोटा, खण, साखरेची गाठी घेतली आणि गॅरेजवाल्याकडून छतावर क्लॅम्प ठोकून घेतला.

"दाराला बांधायची की," मी म्हणालो.

"दाराला बांधली असती तर हिला दिसली असती व्हय?" तात्या शिडीवरून म्हणाले. "ही उताणी. हिला वरची ती खिडकी तेवढी दिसती. म्हणून तिथं लावली. मग घरी आल्याव क्लॅम्प काढला, पुट्टी भरली, रंग दिला. मला वाटलं बुजलं."

आत काकी हसत होत्या. "घ्या! माझीच गुढी माझ्याच उशीवर गळाया लागली."

तात्या हसले नाहीत. शिडीवरून उतरून ते डाळिंबाच्या शेडमध्ये निघून गेले.

भोकं बुजवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्याखालचं. सव्वा वर्षात प्लायवूड भिजून फुगलं होतं. ओल आत ठेवून वरून लेप दिला तर पाणी बाहेर यायची वाटच बंद होते, लाकूड आतल्या आत कुजतं आणि एक दिवस अख्खी पट्टी खाली येते. पलंगावर. बारसं जवळ आलेलं. तात्या परत आले ते म्हणाले, "वरनं भर आन् मोकळा हो. जाऊन येऊ, मग बघू काय व्हतंय ते."

आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी एक गोष्ट मनावर ठसवली होती. ओल्या पृष्ठभागावर काहीही खरं चिकटत नाही, चिकटल्यासारखं दिसतं. मी तात्यांना तेच सांगितलं. ते चिडले. "तुमी शिकल्याली माणसं अशीच. पोरीच्या लेकराचं नाव ठेवायचंय हितं!"

काकी ओसरीवरून म्हणाल्या, "अवं, त्याच्यावर कशाला आवाज चढवताय? बारशाला न्हाय पोचलो तर बाळाला नाव पडायचं न्हाय व्हय? आन् मला तिकडनं जखम घिऊन यायचं हाय का परत? वाळू द्या त्याला."

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. तेवढंच त्यांना वळवता येत होतं. मला कळलं की त्या रडत आहेत, आणि तात्यांनाही कळलं.

मग तात्याच म्हणाले, "कशानं वाळतंय ते?"

"उष्णतेनं. हळूहळू. आतून."

ते मोटारसायकल घेऊन गेले आणि शेजारच्या पोल्ट्रीवाल्याकडून पिलांना ऊब द्यायचे दिवे घेऊन आले, वायरीसकट. मी प्लायवूडची आतली पट्टी उतरवली आणि त्या ओल्या जागेखाली ते दिवे टांगले. एका दिवशी पिलांच्या उबेखाली एका घरगाडीचं छत वाळत ठेवलंय हे बघायला वस्तीवरचे लोक येऊन गेले. "अंडी कधी घालणार?" असं एकानं विचारलंही. काकींनी त्याला उत्तर दिलं, "तुझ्यावानी येडा उबवाया घातलाय, म्हणून टाइम लागतोय."

रोज सकाळी मी लाकडावर बोटं टेकवून बघायचो आणि काकी ओसरीवरून विचारायच्या, "काय म्हणतंय?" एका सकाळी मी म्हणालो, "कोरडं म्हणतंय." त्याच दिवशी भोकं भरली, आतली पट्टी परत बसवली, पुढच्या उन्हात लेपाचे दोन्ही हात दिले. परत पाणी सोडलं, काकी परत आत निजल्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले. "न्हाय गळत," त्या म्हणाल्या. "आता बघायला लागत न्हाय."

निघायच्या आधी मी त्यांना कबूल केलं, "काकी, पुढच्या पाडव्याला मी एकही भोक न पाडता तुम्हाला खिडकीतून गुढी दाखवतो."

"दावशील," त्या म्हणाल्या. "बी.एस्सी. हायस न्हवं तू."

बारशाच्या आदल्या दिवशी ते पोचले. मला तात्यांचा फोन आला, मागं पावसाचा एवढा आवाज की बोललेलं नीट कळेना. मग त्यांनी फोन काकींच्या कानाला लावला असावा. "ऐकतूस का? वर नुसता ताशा वाजतुया बघ. आन् हितं माझ्या कुशीत बाळ निजलंय. कोरडं." मी शेडमध्ये उभा होतो. वडील दारातल्या खुर्चीवर होते. त्यांनी विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, गिऱ्हाईक.

काकी मार्गशीर्षात गेल्या. घरीच, त्यांच्या खोलीत. मी कळंबला गेलो होतो. 

फाल्गुनात ते स्वतः गाडी घेऊन माझ्या शेडवर आले. "छत धुवून दे." मी शिडी लावली. लेप शाबूत होता. कडेच्या पन्हाळीत तांबडी माती सुकून बसलेली आणि तिच्यात सुरूच्या सुया अडकलेल्या, कोकणातल्या. मी ब्रश हातात घेऊन थांबलो. खालून तात्या म्हणाले, "काय झालं?"

"तिकडची माती आहे, तात्या. राहू दे का?"

त्यांनी शिडी धरली. "तूच म्हणालतास न्हवं, मळ पाणी धरून ठेवतो? धू. लोणी भापकरच्या एका पोराला द्यायची हाय गाडी. झाडावरनं पडलाय, पाठीचं आपरेशन झालंय, पुण्याला न्यायाआणायला लागतंय. उताणाच असतोय." मग म्हणाले, "त्याच्यावर गळाया नगं."

मी धुतलं. माती पन्हाळीतून खाली माझ्या शेडपुढच्या मुरमात उतरली. सांध्यांवरून हात फिरवला, एक कड पुन्हा भरली.

पाडव्याला तात्यांच्या घरी गुढी नव्हती. दुःखाचं वर्ष. सकाळीच मला अनोळखी नंबरवरून फोन आला. लोणी भापकरहून, त्या पोराची आई बोलत होती. "आमी आजच निघतोय दवाखान्यात. गाडीला गुढी लावायची व्हती. पण तात्या म्हणलं, आधी त्याला इचारा. भोक पाडाल तर याद राखा, म्हणलं."

मी घरची गुढी उभारून निघालो. काकींना दिलेल्या शब्दासाठी मी थंडीतच एक पकड बनवून घेतली होती. गाडीच्या मागच्या शिडीच्या नळीला आवळायची, आतून रबर लावलेली, म्हणजे कुठं ओरखडाही उठत नाही. ती शेडमध्ये खिळ्याला टांगलेली होती. घेतली.

लोणी भापकरला गाडी घरापुढं उभी होती. पोरगा आत निजलेला. मी वेळू मागच्या शिडीला आवळून तिरपा केला, खण, गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा बांधला, वर लोटा पालथा घातला. मग आत जाऊन त्याच्या शेजारी, पलंगालगतच्या फळीवर, उताणा निजलो. छतातली खिडकी उघडली. लोट्याची कड तेवढी दिसत होती. बाहेर जाऊन वेळू अजून थोडा पुढं झुकवला, परत आत येऊन निजलो.

"दिसतीय?" मी विचारलं.

"दिसतीय," तो म्हणाला. "लोटा बी, गाठी बी."

त्याची आई दारातून म्हणाली, "टपावर चढून जरा सरळ करू का?"

"टप न्हवं," मी निजल्या निजल्याच म्हणालो. "छत."